बंपरच्या मागचं काम : आमची वाटचाल

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या दुकानावर नुसतं ‘कार एसी’ लिहिलंय. पण येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच आधी कुठेतरी ठोकलेल्या असतात. कुणी द्वारका चौकाच्या कोंडीत पुढच्या पिकअपला टेकलेलं असतं, कुणी कसारा घाटात. डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी चकाचक झालेली असते आणि मालक म्हणतो, “दादा, बंपर नवा टाकला, पण तेव्हापासून एसी गार करत नाही. गॅस भरून द्या.”

मी सातपूरच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशन केलं आणि घरोघरी फ्रिज-एसी दुरुस्त करत फिरायचो. धाकटा भाऊ एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करायचा. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्या शहरात लोटल्या, तेव्हा कार एसीचं काम किती आहे ते दोघांनाही दिसलं. भाड्याने गाळा घेतला. गॅसचा दाब मोजायचे गेज, आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचा सिलिंडर, वजनकाटा एवढंच सामान होतं. सौ. हिशेब बघायला लागली, ती अजून बघते.

तेव्हा या धंद्याची रीत सरळ होती. एसी बंद म्हणजे गॅस भरा, पैसे घ्या, पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं की पुन्हा भरा. आम्हाला ते पटेना. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. पण धडकेनंतर आठवड्यात गेला, तर कुठेतरी भोक आहे, आणि ते सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक ग्रॅम हवेत.

बहुतेक वेळा ते भोक कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत असतं. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे, बंपर आणि ग्रिलच्या लगेच मागे बसवलेला असतो; ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचा. बंपर प्लास्टिकचा, दबतो आणि परत जागेवर येतो. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आत मात्र एखादी ब्रॅकेट नळीला घासून बसलेली असते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून बंपर काढला की आम्ही आधी तो काळा, तेलकट डाग शोधतो.

त्याच्याही आधी इंजिन बंद ठेवून गेज लावतो. आर-१३४ए गॅस असलेली गाडी तीस अंशांच्या हवेत निवांत उभी असेल, तर दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या आसपास थांबतात. फारच खाली असतील तर गॅस गेला. बरोबर असतील तर सिस्टीममध्ये गॅस आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे की नाही ते नाही. नवखी पोरं इथेच फसतात. गॅस गेला असेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा नाही. तिच्यातून ओलावा आत जातो. फुटलेला कंडेन्सर आम्ही वेल्डिंग करत नाही, बदलतो. ओलावा शोषणारा ड्रायर आणि सांध्यांच्या रबरी ओ-रिंग नव्या, मग निवांत व्हॅक्यूम, आणि शेवटी बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस, काट्यावर तोलून.

पण आमचं नाव झालं ते गॅस न भरता केलेल्या कामांनी. इंदिरानगरच्या एका मॅडमची गाडी आली, दोन ठिकाणी गॅस भरून. दाब व्यवस्थित, फ्यूज-रिले ठीक, पण कॉम्प्रेसर लागेचना. भावाने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं: बाहेरचं तापमान उणे चाळीस! आता निफाडचा पारा डिसेंबरात कितीही घसरो, उणे चाळीस काही होत नाही, आणि हा तर एप्रिल. बाहेरचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर या गाडीत बंपरच्या मागेच होता. धडकेत त्याची वायर तुटली होती. थंडी वाढली की या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो. वायरच तुटली म्हणजे रेझिस्टन्स अफाट, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला वाटलं बाहेर बर्फ पडतोय, आणि तो कॉम्प्रेसरला परवानगीच देईना. वायर जोडली, एसी सुरू. मॅडम म्हणाल्या, “एवढंच होतं?” हो, एवढंच.

तसंच एक गिऱ्हाईक म्हणायचं, हायवेला गार, मुंबई नाक्याच्या सिग्नलला गरम. गाडी पळताना कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की सगळी मदार पंख्यावर. त्याच्या पंख्याचं सॉकेट निखळलं होतं.

यातूनच आम्ही तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. त्यावरून सुरुवातीला फार वाद झाले. “नुसतं बघायचे पैसे?” असं विचारून लोक गाडी वळवून न्यायचे. सौ. म्हणाली, जाऊ दे त्यांना. तिचंच बरोबर निघालं. आता नाशिकरोड, पंचवटीचे डेंटिंगवाले स्वतःच रंग देण्याआधी गाडी आमच्याकडे पाठवतात.

त्यात विम्याचाही फायदा आहे. सर्व्हेअरला पहिल्याच वेळी बंपर उतरवून कंडेन्सर दाखवला की तो एस्टिमेटमध्ये येतो. दुरुस्ती उरकल्यावर सांगितलं तर भांडत बसावं लागतं. गॅस आणि तेल हे कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या सामानात धरतात. त्याचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर साध्या पॉलिसीत तो खर्च मालकाचाच. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापतात, हेही आम्ही आधीच सांगतो.

सध्या इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्यात. त्यांचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्यात नेहमीचं पीएजी तेल चालत नाही, पीओई लागतं. म्हणून त्यांच्यासाठी होज आणि तेलाचा डबा वेगळा ठेवलाय, आणि भावाने हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलंय. काही महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ गॅस असतो. तो किंचित ज्वलनशील असतो आणि त्याचं मशीन वेगळं लागतं. ते आम्ही अजून घेतलेलं नाही, म्हणून तशी गाडी आली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता देतो.