अल्बम, अपडेट सात: एका गंधारापायी तीन गाणी परत

गेल्या वेळी "आता फक्त मिक्सिंग उरलंय" असं लिहून मोकळा झालो होतो. ते वाक्य मागे घेतो. वहिनीचा गळा आणि माझे गिटार-बँजो अशा या अल्बममधली नऊपैकी तीन गाणी पुन्हा रेकॉर्ड होणार आहेत आणि ऑगस्टमध्ये गॅलॅक्सला (व्हर्जिनियातलं जुन्या अमेरिकन लोकसंगीताचं संमेलन) सीडी घेऊन जायचा बेत बारगळला आहे.

झालं असं. पैसे देऊन ज्याच्याकडे मिक्सिंगला दिलं होतं त्याच्याकडून गुरुवारी रात्री फाइल्स आल्या. वहिनी पोळ्या करत होती, मी स्वयंपाकघरातच स्पीकर लावला. तीन नंबरच्या गाण्यात तिचा तो लांब गंधार (सारेगममधला ग) आला आणि लाटणं थांबलं. "अरे, हा माझा गंधार नाही."

मला वाटलं, गाणाऱ्यांना आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, तसलं काहीतरी. पण रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा मूळ टेक आणि मिक्समधला आवाज एकाखाली एक लावले, तर खरंच स्वर वर ओढलेला. मेल केली. उत्तर आलं, बाईंचा सूर जरा खाली जात होता म्हणून नीट केला. न विचारता! वहिनी मिरजेची. शाळेत जायच्या आधीपासून तंबोऱ्याशी बसलेली. तिचा सूर "नीट केला" म्हणे.

राग उतरल्यावर मात्र मान्य करावं लागलं की काहीतरी खटकत होतं ते खरंच. अपडेट पाचमध्ये मी लांब स्वरावरच्या ज्या थरथरीबद्दल रडलो होतो, तीच. तेव्हा मी खोलीला दोष देऊन भिंतींवर गोधड्या टांगल्या. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी फेज (आवाज सगळ्या माइकांत एकाच वेळी पोचतो का) तपासायला सांगितलं, म्हणून दोन आठवडे माइक इकडून तिकडे सरकवले. सगळं व्यर्थ. (गोधड्या तशाच ठेवल्यात. क्लॉहॅमरचा, म्हणजे नखाने खाली मारत वाजवलेल्या बँजोचा, खणखणाट कमी होतो.)

खरं कारण कागदावर मांडल्यावर दोन मिनिटांत कळलं. आम्ही 'जी' या सुरात गातो, म्हणजे वहिनीची पेटीवरची पांढरी पाच. षड्ज (सा) १९६ हर्ट्झ. तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे २४५. वहिनी तिथेच लावते, डोळे मिटून. गिटारची दुसरी तार, बी, म्हणजे तिचा गंधार, ट्यूनरप्रमाणे २४६.९४. सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) १४ चा फरक. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ दोन बीट्स, म्हणजे आवाजाचे चढउतार, पडतात. माझी "थरथर" मोजून बघितली, सेकंदाला दोन. इतके महिने मी भिंतीला शिव्या देत होतो!

म्हणजे मिक्सिंगवाल्याने रोग बरोबर ओळखला आणि औषध भलत्यालाच पाजलं. त्याच्या पट्टीवर बाराच खुणा आहेत, तो तरी काय करणार. पण गळा गिटारला जुळवायचा हा उलटा कारभार झाला. गिटारलाच जुळवून घ्यायला लावायचं ठरलं.

पहिला प्रयत्न सरळ होता: दुसरी तार १४ सेंट उतरवली. यासाठी स्ट्रोब ट्यूनरच हवा, साध्या क्लिपवाल्यांची सुई एवढ्या बारकाव्याला डळमळते. पीटरसनचा स्ट्रोबोक्लिप घेताना मी खूप कुरकुरलो होतो, आता नाही. 'जी' कॉर्ड वाजवली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. स्वच्छ. मग सी वाजवली आणि तोंड आंबट झालं, कारण त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर सी येतो आणि आता कॉर्डचा पायाच १४ सेंट खचला होता. ई मायनरमध्ये पंचम पडलेला. गंमत म्हणजे डी सेव्हन अजिबात बिघडली नाही. तिथे तो सी म्हणजे कोमल निषाद, आणि नैसर्गिक निषाद त्याहूनही खाली असतो, त्यामुळे उलट गोड लागली.

दुसरा प्रयत्न तडजोडीचा. फक्त सहा सेंट उतरवले. सगळ्याच कॉर्ड थोड्या थोड्या वाईट. दोन संध्याकाळी यात गेल्या, त्यावर जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या वेळी वहिनीनेच विचारलं, "गंधार मी लावतेय ना? मग गिटारने कशाला लावायचा?"

आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ब्लूग्रासवाल्यांची (अमेरिकेतलं वेगवान तारवाद्यांचं लोकसंगीत) 'जी' कॉर्ड हीच तर आहे! पाचवी तार बोटाने दाबून मुकी, दुसरी तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे कॉर्डमध्ये फक्त षड्ज-पंचम. गॅलॅक्सच्या पार्किंगमधल्या जॅममध्ये एका आजोबांनी मला ती दाखवली होती आणि मी समजत होतो की ती नुसती वेगात पकडायला सोपी म्हणून. सीमध्ये चौथी तार मुकी करून पहिली तिसऱ्या पडद्यावर. डीला पहिली तार छेडायचीच नाही. झाली गिटार गंधारमुक्त.

बँजो एवढ्यावर ऐकेना. 'जी' ट्यूनिंगमध्ये दुसरी तार मोकळीच बी आहे आणि क्लॉहॅमरमध्ये ती सारखी वाजत राहते. म्हणून तिथे पूर्ण १४ सेंट उतरवले आणि त्या तारेचा पहिला पडदा स्वतःवर बंदी घालून टाकला. मध्यम हवा असला की तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर जायचं. हात अजून चुकतो. माझा ओपन-बॅक डीअरिंग गुडटाइम त्या पडद्यावर जरा कोरडा बोलतो, पण त्या किमतीत इतका सरळ बँजो दुसरा मिळणार नाही, हे मत कायम.

रविवारी तीन नंबरचा टेक घेतला. एकच माइक, दोघं समोरासमोर. लांब स्वर आला, थरथर नाही. आवाज आणि तारा एकत्र घट्ट बसल्या. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर कानात उमटू शकतो: २४५ वजा १९६ म्हणजे ४९, तोच षड्ज दोन सप्तकं खाली. तो खर्ज मला ऐकू आला असं मी म्हणतो. वहिनी म्हणते, तुला गणित माहीत आहे म्हणून ऐकू येतो. दादाला पंच केलं तर तो म्हणाला, जेवायला बसा.

हे लिहिता लिहिता एक किडा डोक्यात शिरलाय. उत्तर कॅरोलिनातल्या राउंड पीककडचे जुने वादक टॉमी जॅरेल, फ्रेड कॉकरहॅम बिनपडद्याचा बँजोही वाजवायचे. पडदेच नसतील तर ही सगळी झटापटच नको, बोट सरकवून गंधार हवा तिथे घ्या. सरोदवाल्यांना हे सांगायची गरज नाही. आणि बिनपडद्याचा बँजो असेल तर वहिनीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यावर बसतील का? पाचवी तार तशीही तुणतुण्यासारखी एकाच सुरावर टणटणत असते. साध्या सुरात एक ओवी, साथीला फक्त ती तार. दहावं गाणं?

बेत वहिनीला सांगितला. "आधी आहेत ती नऊ संपव," म्हणाली. पण काल रात्री ओवी गुणगुणत होती, पांढरी पाचमध्येच.

तर सध्याचं वेळापत्रक: पाच आणि आठ नंबर या महिन्यात परत. मिक्सिंग आता घरीच, रीपरमध्ये, पिच करेक्शनला हात न लावता. सीडी पुढच्या जूनमध्ये माउंट एअरीच्या संमेलनाला. बिनपडद्याचा जुना बँजो कुणाकडे पडून असेल आणि उत्तर कॅरोलिनातल्या कॅरीपासून दोन तासांच्या आत असेल, तर कळवा. गळ्याची पट्टी वाकलेली असली तरी चालेल, सरळ करून घेईन.