हेमकुंड: दुपारी दोनच्या आत

उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिब या शीख तीर्थाला मुक्काम नाही. तळ्याकाठी गुरुद्वारा आहे, लंगर आहे, लक्ष्मणाचं देऊळ आहे, पण दुपारी दोनच्या सुमाराला सेवादार सगळ्यांना खाली उतरायला लावतात. म्हणून या वारीचं गणित उलटं मांडायचं. दोनच्या आत वरून निघायचं, तर दहापर्यंत वर पोहोचायला हवं. दहाला पोहोचायचं, तर पहाटे पाचला घांघरिया, म्हणजे खालचं मुक्कामाचं गाव, सोडायला हवं. पाचला उठून चालायचं, तर आदल्या दुपारी तीन-चारपर्यंत घांघरियात पाठ टेकायला हवी. असं मागे मागे येत हे गणित मुंबईत तिकीट काढण्यापर्यंत पोहोचतं. आपल्याकडचे बरेच जण ते सरळ मांडतात, सुट्टी किती आहे तिथून सुरुवात करतात, आणि तळं धुक्यात पाहून परत येतात.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारला थेट गाडी आहे. उतरल्या उतरल्या पुढे पळू नये, रात्र हरिद्वारला किंवा ऋषिकेशला काढावी. तिथून गोविंदघाट, जिथून डोंगरातली वाट सुरू होते, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, म्हणजे डोंगरी रस्त्याने दहा-बारा तास. रात्री या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, तेव्हा पहाटेच निघायचं. देवप्रयागपासून विष्णुप्रयागपर्यंत पाचही प्रयाग याच वाटेवर लागतात, खिडकी कुठली धरायची ते ठरवून ठेवा. पिपळकोटी आणि जोशीमठ यांच्यामध्ये पागल नाला म्हणून एक जागा आहे. पावसाळ्यात तिथे डोंगराचा राडारोडा रस्त्यावर उतरतो आणि गाड्या तासन् तास उभ्या राहतात. यासाठी एक दिवस हातचा ठेवलेला असावाच. परतीचं तिकीट अगदी चिकटून काढलं की हा दिवस हेमकुंडच्या वाट्यातून कापला जातो.

त्या रात्री जोशीमठला थांबलेलं चांगलं. आता सरकारी कागदावर ते ज्योतिर्मठ झालंय, ड्रायव्हर मात्र जोशीमठच म्हणतात. उंची साधारण १,८९० मीटर. रोख पैसे इथेच काढून घ्यावेत. उत्तराखंड पर्यटनाच्या यात्रा नोंदणीत चारधामांसोबत हेमकुंडही येतं. ती नोंदणी मुंबईहून निघण्याआधीच करून कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण फोन भिजतो.

उंचीचा अंदाज येण्यासाठी आपलं कळसूबाई धरू. १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. गोविंदघाट आहे १,८२८ मीटरवर. म्हणजे जीपमधून उतरून पहिलं पाऊल टाकता, तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्याच्या वर उभे असता. घांघरिया ३,०४९ आणि तळं ४,३२९ मीटर. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्के राहतो. आषाढीच्या वारीत रोज वीस-वीस किलोमीटर रेटणारे पायसुद्धा इथल्या सहा किलोमीटरला हाय खातात ते यामुळे. पायांत दम असतो, छातीला हवा पुरत नाही. मुंबईत तयारी करायची तर मरीन ड्राइव्हवर सपाट चालून फारसं साधत नाही. इमारतीचे जिने पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन चढावे आणि तितकेच उतरावे. जमेल तेव्हा बारी गावातून कळसूबाई करावं. तब्येतीला त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच, कारण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला त्या चालत नाहीत.

गोविंदघाटला अलकनंदा आणि लक्ष्मणगंगा मिळतात. २०१३ च्या जूनमधल्या पुराने इथला पूल आणि वरची जुनी वाट वाहून नेली. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून नवा पूलही तुटला आणि यात्रेसाठी बेली पूल, म्हणजे लोखंडी भाग जोडून झटपट उभारलेला पूल, टाकावा लागला. पुलापलीकडून पुलना गावापर्यंत चारेक किलोमीटर जीप जाते. चालायचा हट्ट धरून इथे पाय खर्ची घालू नका, हा डांबरी रस्ता आहे आणि पाहण्यासारखं पुढे आहे. पुलनापासून घांघरिया नऊ-दहा किलोमीटर, आमच्यासारख्यांना पाच-सहा तास. वाट फरसबंद, बरीचशी झाडीतून, नदीला धरून. भ्यूंडार गावानंतर चढ अंगावर येतो आणि शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या भरून येतात.

या वाटेवरचा खरा धोका खेचरांचा. मागून घुंगरांचा आवाज आला की लगेच बाजूला व्हायचं, आणि नेहमी डोंगराच्या बाजूला. दरीच्या काठाला उभं राहिलात तर पाठीवरचं सामान किंवा स्वाराचा गुडघा लागून तोल जातो. खेचर माणसाकडे बघत नाही, त्याचं सगळं लक्ष पुढच्या दगडाकडे. वाकून बुटाची लेस बांधायची असेल तर आधी भिंतीला पाठ लावा. चढवत नसेल तर कंडी (पाठीवरची टोपली), डंडी (खांद्यावरून वाहायची खुर्ची) आणि खेचर मिळतं. भाव खालच्या काउंटरवर लिहिलेला असतो, तो वाचूनच ठरवा.

घांघरियाला गुरुद्वाऱ्यात राहता येतं, शिवाय गढवाल मंडळाचं विश्रामगृह आणि छोटी हॉटेलं आहेत. संध्याकाळी डोकं जड वाटलं तर पाणी प्या, जेवण हलकं घ्या, लवकर झोपा. सकाळी डोकेदुखीसोबत मळमळ किंवा झोक जाणं असेल तर तो दिवस तिथेच थांबा. त्या दिवशी वर चढणं हा शुद्ध वेडेपणा. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल तर वाट न बघता खाली उतरायचं, रात्र असली तरी.

पहाटे पाच. टॉर्च, पोटात चहा-बिस्किट, खिशात गूळ-शेंगदाणे. सहा किलोमीटरमध्ये जवळपास १,२८० मीटर चढायचे, म्हणजे दर पाच पावलांना एक पाऊल उंची. सुरुवातीलाच फुलांच्या घाटीची (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) वाट डावीकडे फुटते, ती उद्यासाठी. वेग असा ठेवायचा की चालता चालता हरिपाठाची ओवी पूर्ण म्हणता यावी. ओवी मध्ये तुटू लागली की पाऊल आखूड करा, पण थांबू नका. दर दहा मिनिटांनी बसणारा मागे पडतो, कारण घाम गार पडतो आणि पुन्हा उठताना अंग आखडलेलं असतं. विसावा तासाभराने, पाच मिनिटं, जॅकेट घालूनच.

अटलाकोटीच्या पट्ट्यात जूनमध्ये बर्फ कापून केलेल्या वाटेने जावं लागतं. गुरुद्वाऱ्याचे दरवाजे मेच्या शेवटी उघडतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी २५ मेला उघडून १० ऑक्टोबरला बंद झाले. उघडण्याआधी लष्कराचे जवान वाटेवरचं बर्फ काढतात. सुरुवातीच्या दिवसांत तळंही गोठलेलं असतं. पाणी पाहायचं तर जुलै उजाडू द्यावा, ब्रह्मकमळ पाहायचं तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. मला सप्टेंबर पटतो, पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि फुलं अजून असतात.

वरच्या टप्प्यात दोन पर्याय येतात. एक खेचरांची वळणावळणाची लांब वाट, दुसरा हजाराच्या वर पायऱ्यांचा सरळ जिना. चढताना वळणाची वाट बरी, श्वास ताब्यात राहतो. पायऱ्यांवर पाऊस, लीद आणि झिजलेला दगड यांचा बुळबुळीत थर असतो. प्रत्येक पाऊल सपाट टेकवायचं, टाच आधी टेकवली की घसरलंच. आपल्या पावसाळी सँडल इथे कामाच्या नाहीत. बोटं बधिर होतात आणि मग पाय कुठे पडतोय ते कळत नाही. पोंचो गोविंदघाटलाही मिळतो, पण तो पातळ असतो आणि खडकाला लागून फाटतो. मुंबईहून जाड घेऊन जा.

पायऱ्या संपतात आणि तळं एकदम समोर येतं. सकाळी नऊ-दहाच्या आधी पोहोचलात तर सात शिखरं पाण्यात उलटी दिसायची शक्यता बरीच. अकरानंतर खालच्या दरीतून ढग चढतो आणि पलीकडचा काठ पुसून टाकतो. शिखांच्या दशम ग्रंथातल्या बचित्तर नाटक या रचनेत गुरू गोविंदसिंगांच्या पूर्वजन्मीच्या तपाची जागा हेमकुंट पर्वत, सप्तशृंगांनी शोभणारा, अशी सांगितली आहे. वणीच्या सप्तशृंगीला जाणाऱ्याला ती ओळ परकी वाटणार नाही. शीख संत सोहनसिंग १९३४ मध्ये त्या जागेचा शोध घेत इथवर आले. भ्यूंडारचे लोक हे तळं त्याआधीपासून लोकपाल म्हणून पूजत होते. मराठी माणसाचं या गुरूंशी नातं दुसऱ्या टोकाला आहे, त्यांनी देह ठेवला तो नांदेडला, १७०८ मध्ये. आणि आत कीर्तन चालू असेल तर कान देऊन ऐका, गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

स्नान करणार असाल तर पोहोचताच नको. आधी पंधरा मिनिटं बसा, धाप खाली येऊ द्या. स्त्रियांसाठी वेगळी बंदिस्त जागा आहे. कोरडे कपडे उलट्या क्रमाने रचून ठेवायचे, सगळ्यात वर टॉवेल, मग बनियन, मग स्वेटर. ओल्या बोटांना बटणं लागत नाहीत, म्हणून बटणाचं काहीही नको. साखळी धरून उतरायचं, डुबकी मारायची आणि लगेच बाहेर. पोहायला जाऊ नये, इतक्या गार पाण्यात श्वास आपोआप ओढला जातो आणि नाकातोंडात पाणी जातं. डोकं आधी पुसा, मग अंग. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ओंजळभर पाणी डोक्याला लावून समाधान मानावं, पुण्यात काही उणं पडत नाही. साबण कुणीही काढू नये. याच पाण्याची हेमगंगा होऊन खाली घांघरियाजवळ पुष्पावतीला मिळते आणि पुढे लक्ष्मणगंगा म्हणून वाहते.

डोकं झाकायला रुमाल लागतो. बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा कोरड्या मोज्यांचा एक जोड खिशात असू द्या. लंगरात खिचडी आणि चहा मिळतो. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पेल्यातला चहा पहिल्या घोटालाच पिण्याजोगा असतो आणि चार घोटांत गार होतो. खिचडी मात्र पोटभर खा. दमल्यावर भूक लागत नाही, आणि उतरताना पाय लटपटतात ते बहुतेक वेळा रिकाम्या पोटामुळेच.

गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. वृद्धांची मोठी सोय होईल. पण अडीच हजार मीटरची उडी मधल्या मुक्कामाशिवाय मारली, तर डोकेदुखी आणि मळमळ घेऊन उतरणारेही वाढतील. घांघरियाची रात्र तेव्हाही चुकवू नये.

बारापर्यंत वर थांबा, त्यानंतर नाही. उतारावर पायऱ्या टाळा आणि वळणाची वाटच धरा. काठी पुढे टेकवून गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. नखं आधीच कापलेली नसतील तर अंगठे बुटाच्या टोकाला आपटून काळे पडतात. उतरायला तीनेक तास लागतात. त्याच दिवशी पुलना गाठायचा मोह होतो, पण थकलेल्या पायांनी संध्याकाळच्या अंधुक उजेडात फरसबंद उतार घसरवतो, आणि जीपही तोवर कमी झालेल्या असतात. रात्र घांघरियातच काढा, दुसऱ्या दिवशी फुलांच्या घाटीत जा. तिथलं तिकीट सकाळी गेटवर मिळतं, आणि दुपारनंतर तिथेही आत सोडत नाहीत.