चांदणीची मान

माथेरानला आमच्या चार घोड्या. त्यातली चांदणी पंधरा वर्षांची, सगळ्यांत शांत. लहान मूल बसवायचं असलं की आम्ही तिलाच पुढे करायचो. दसऱ्यानंतर ती पुढच्या उजव्या पायाने किंचित लंगडू लागली. नालबंदाने नाल काढून खूर दाबून पाहिला, पुन्हा नाल ठोकला. मग शेक, लेप. तीन आठवडे असेच गेले.

दुखणं खरं कुठे आहे ते मला दावणीला दिसलं. जमिनीवरच्या घमेल्यातली चंदी तशीच राहायची, तोंडाला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, बांधला की फस्त. गवताला तोंड लावायला ती पुढचे पाय फाकवून खाली जायची. मी म्हटलं, "बाबा, हिला भूक आहे, पण मान खाली जात नाही." तेव्हा त्यांना आठवलं, गणपतीत माकड अंगावर पडलं म्हणून ती बिथरली होती आणि दाव्याला जबर हिसका बसला होता.

माथेरानात मोटारी येत नाहीत. तिला हळूहळू चालवत, गाड्या थांबतात त्या दस्तुरीला नेलं, डॉक्टर फिरतं एक्स-रे मशीन घेऊन तिथे आले. मान ताठ दिसली की आधी धनुर्वात नाही ना, हे पाहतात. म्हणून त्यांनी ताप आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा तपासला. मग दात. चालता चालता शेपूट बाजूला ओढली, लहान गोलात फिरवलं. मज्जारज्जूवर दाब असेल तर घोडं झोकांड्या खातं. चांदणीची पावलं नीट पडली आणि माझ्या जिवात जीव आला.

मग गाजर. डावीकडे तिने पाय न हलवता कुशीपर्यंत तोंड नेलं. उजवीकडे अर्ध्यावर कान मागे पडले आणि तिने अख्खं अंगच फिरवलं.

घोड्याच्या मानेत मणके सातच, आपल्याएवढेच. एक्स-रेत सहाव्या-सातव्यामधला सांधा वाढलेला, कडा खडबडीत. डॉक्टर म्हणाले, "झीज जुनी आहे, हिसक्याने उठली. इथल्या नसा पुढच्या पायात जातात, म्हणून लंगडते." पाय चोळत घालवलेले ते तीन आठवडे मला अजून टोचतात.

आधी मेलोक्सिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध आणि पूर्ण विश्रांती. चंदी-पाणी छातीच्या उंचीवर. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा गुंगी देऊन, सोनोग्राफीत सुई पाहत सांध्यात स्टेरॉइड दिलं. त्याने क्वचित खुरांत दाह होतो, म्हणून मी रोज सकाळी चारही खुरांना हात लावून ऊब बघायचे. नंतर सपाटीवर चालवणं आणि गाजराचा व्यायाम: दोन्ही बाजूंना, ती जाईल तिथपर्यंतच, ओढायचं नाही.

इंजेक्शनचा असर काही महिन्यांनी ओसरू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. बाबांनी तिचं खोगीर उतरवलं ते उतरवलंच. सीझनचं नुकसान आम्ही धरून चाललोय. सध्या ती पाय न फाकवता चरते. उजवीकडे तोंड बरगड्यांपर्यंत जातं, कुशीपर्यंत अजून नाही.