बेनेटच्या काठावरून निघालेल्या होड्या

अलास्कातल्या स्केग्वेहून निघालेली अरुंद रुळांची गाडी व्हाइट पास चढून बेनेट सरोवराकाठी थांबली. आज इथे गाव असं उरलेलंच नाही. एक स्टेशन, टेकाडावर ओंडक्यांचं जुनं चर्च आणि समोर वाऱ्याने सतत हलणारं गारेगार पाणी. क्लोंडाइक म्हटलं की सगळे सोन्याबद्दल बोलतात. मला ओढ होती ती इथे बांधलेल्या होड्यांची.

ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. पुढच्या जुलैत ते घेऊन बोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागल्या आणि लाखभर माणसं उत्तरेकडे निघाली. कारकून, मास्तर, दुकानदार, कुणीही. प्रत्येकाने वर्षभराचा शिधा आणायचा, अशी कॅनडाच्या पोलिसांची अट होती. म्हणजे जवळपास टनभर सामान! ते पाठीवर वाहत चिलकूट खिंडीत एकेकाने तीस-चाळीस खेपा घातल्या. पुढे बेनेटहून सोन्याच्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावापर्यंत सुमारे 900 किलोमीटर पाण्याची वाट, आणि होडी ज्याची त्याने बांधायची.

मी चर्चजवळच्या उतारावर बराच वेळ बसले. ओंडका उंच माचावर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि लांब करवतीने फळ्या पाडायच्या. लहानपणी रत्नागिरीकडे आमच्या वाडीत फणसाचं खोड असंच कापताना पाहिलंय. खालच्या गड्याने डोक्याला पंचा गुंडाळलेला, तरी पापण्यांवर पिवळा भुसा साचलेला. इथे तर दोघंही नवखे. वरचा म्हणणार, तू नीट ओढत नाहीस. खालचा म्हणणार, सगळा भुसा माझ्या डोळ्यांत. खिंड जोडीने चढलेले जिवलग या करवतीपायी भांडले, सामान वाटून वेगळे झाले. मला हे फार लागलं. बर्फाने जे तोडलं नाही, ते एका करवतीने तोडलं.

ओल्या लाकडाच्या त्या फळ्या. फटींत जुन्या दोरांचे तंतू कोंबायचे, वरून डांबर. 29 मे 1898 ला सरोवराचा बर्फ फुटला आणि दोन-तीन दिवसांत 7 हजारांहून जास्त होड्या पाण्यात उतरल्या.

वाटेत कारक्रॉस गावाच्या दफनभूमीत थांबलो. तिथे या भागातल्या मुळच्या टॅगिश समाजाच्या कीशची, म्हणजे स्कूकम जिमची कबर आहे. पहिलं सोनं शोधणाऱ्यांतला तो एक. डॉसनच्या मुळच्या ह्वेचिन लोकांना मात्र या गर्दीपायी आपली जागा सोडून नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी व्हाइटहॉर्सजवळची माइल्स घळ पाहिली. काळ्या कातळाच्या भिंती जवळ येतात आणि सगळी युकॉन नदी त्या चिंचोळ्या वाटेने जाते. पुढच्या खळाळातल्या फेसाला पांढऱ्या घोड्यांच्या आयाळीची उपमा मिळाली. शहराचं नाव त्यावरूनच. पहिल्या काही दिवसांत दीडशेच्या आसपास होड्या इथे फुटल्या, माणसं बुडाली. मग पोलीस अधिकारी सॅम स्टीलने नियम केला, की होडी जाणत्या नावाड्यानेच न्यायची आणि बायकामुलांनी काठाने चालत जायचं.

1958 च्या धरणात तो खळाळ बुडाला. एवढं सोसून जे डॉसनला पोचले, त्यांना कळलं, की चांगल्या ओढ्यांवरच्या जागा केव्हाच दुसऱ्यांच्या नावावर झाल्या आहेत.

झुलता पूल ओलांडून मी काठाच्या पायवाटेला लागले. खाली हिरवंगार पाणी वेगाने, पण आवाज न करता चाललं होतं. वरून पाहताना होडी कुठे वळवायची, हेच मी शोधत राहिले.