नऊ ‘ठेकेदार’ आणि एक वही

पाचशेच्या स्टँपपेपरवर नऊ करारनामे. प्रत्येकात एकच ओळ ठळक: ‘सदर इसम स्वतंत्र ठेकेदार असून कर्मचारी नाही.’ जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याच्या शेठनी पीएफच्या नोटिशीसोबत ही चळत माझ्या टेबलावर ठेवली.

“वकीलसाहेब, पगारावर चौदाच माणसं आहेत. वीस झाल्याशिवाय पीएफ लागत नाही ना?”

नियम त्यांना पक्का ठाऊक होता. मी म्हटलं, आधी कारखाना दाखवा.

मे महिना, डोक्यावर पत्रा. जळगावकरांना पुढचं सांगायला नको. हे नऊ ‘ठेकेदार’ म्हणजे चटईच्या काठाला पट्टी शिवणाऱ्या बाया, मजुरी नगावर. शिलाई मशिनी कारखान्याच्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला. सुपरवायझरच्या टेबलावर सुतळीनं बांधलेला पेन आणि एक वही. सहज उघडली. ‘मशीन 6, उशीर, 50 कापले.’ ‘मशीन 3, न सांगता गैरहजर.’ ‘मशीन 8, शिलाई वाकडी, उसवून परत.’ पानाखाली शेठचीच सही! करारनाम्यांवर त्यांनी जेवढी मेहनत घेतली होती, त्याहून जास्त या वहीवर.

एका मावशींना विचारलं, सुट्टी कशी घेता? मशीन न थांबवता म्हणाल्या, “सुट्टी लेनी तं शेठले इचारनं पडस.”

तिथंच प्रकरणाचा निकाल लागल्यासारखा होता. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1973 साली हेच तपासलं होतं. शिंपी नगावर मजुरी घेणारे, मशिनी दुकानाच्या, आणि शिलाई पसंत नसली तर पुन्हा करायला लावायचा हक्क मालकाचा. ते कामगारच ठरले. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम कसं चालतं, ते कोर्ट बघतं. शिवाय पीएफच्या मोजणीत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही धरतात. चौदा अधिक नऊ, तेवीस.

शेठ म्हणाले, “पण मी ठेकेदाराचा कापतात तसा एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो की!” हा गैरसमज आमच्या भागात घट्ट बसलेला आहे. टीडीएस कापला म्हणून कामगाराचा ठेकेदार होत नाही.

“म्हणजे वायरमनलाही घ्यायचं का पगारावर?”

वायरमनचं वेगळं. तो आपली शिडी, आपली हत्यारं आणतो, दर स्वतः सांगतो, एमआयडीसीत आणखी चार ठिकाणी जातो. त्याला जमलं नाही तर पोराला पाठवतो आणि शेठ काही बोलू शकत नाहीत. तो खरा ठेकेदार.

हिशेब मांडल्यावर मात्र शेठ चिडले. मालकाचे बारा टक्के तर द्यायचेच. पण मागच्या काळातला बायांचा हिस्साही आता त्यांच्या मजुरीतून कापता येत नाही, तोही मालकाच्याच खिशातून. करारनामे लिहून देणाऱ्याला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग म्हणाले, “हप्ते पाडून मिळतील का, ते बघा.” मी अर्ज लिहायला घेतला.