बादलीभर ओली वाळू

जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. बाहेर उणे आठ, आणि दवाखान्याच्या दारात एक सहा फुटी माणूस जाकिटाच्या आत काहीतरी छातीशी धरून उभा. न्यू जर्सीतल्या आमच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं येत नाहीत. पोपट, ससे, कासवं, साप आणि सरडे, एवढंच. त्यानं जाकिटाची चेन उघडून आतून एक कापडी पिशवी काढली. पिशवीत फ्रँक.

"चार दिवस काही खात नाही. फांदीवर बसत नाही, पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालतो. पोट बघा केवढं झालंय. शी अडलीय बहुतेक."

फ्रँक म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन. आपल्याकडच्या घोयरा सरड्याचा येमेन आणि सौदी अरेबियातला भाऊबंद, डोक्यावर उंच तुरा असलेला. घोयरा घरात ठेवला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. इथे व्हेल्ड दुकानात मिळतो, पिंजरा आणि दिव्यांसकट.

मी फ्रँकचा मागचा पाय चिमटीत धरून टाच पाहिली. या जातीत नराच्या टाचेला अंड्यातून बाहेर येतानाच एक बारीक काटा असतो. पुढे तो वाढतो, पण असतो पहिल्या दिवसापासून. फ्रँकच्या दोन्ही टाचा साफ. अंगही सांगत होतं: गडद हिरव्यावर निळसर ठिपके आणि पिवळे डाग. सरडा लपायला रंग बदलतो असं आपण म्हणतो, पण हा रंग लपायचा नाही. 'मी भरलेली आहे, नरानं जवळ येऊ नये' असा तो निरोप असतो. पोटावरून अंगठा हलकेच फिरवला तर शेंगदाण्याची पुडी चाचपल्यासारखं लागलं.

"तुमचा फ्रँक मुलगी आहे," मी म्हटलं. "आणि गाभण आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कसं शक्य आहे? घरात ती एकटीच आहे."

हे मला बऱ्याच जणांना समजवावं लागतं. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालतेच ना, तसंच. व्हेल्डची मादी वयात आली की नराचं तोंड न पाहताही अंडी धरते. ती उबत नाहीत, पण घालावी तर लागतात. आत राहिली तर जीव जातो.

माझं स्वतःचं शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातलं. नंतर सांगलीकडे चार वर्षं म्हशी. इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर परदेशी पदवीधराला ई.सी.एफ.व्ही.जी. या पात्रता-प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात. त्या चढेपर्यंत मी या दवाखान्यात मदतनीस. खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू फिरवलेली बाई मी, आणि माझ्यासमोर १३१ ग्रॅमची बाळंतीण.

एक्स-रेमध्ये अंडीच अंडी. या जातीच्या अंड्यांचं कवच कातड्यासारखं मऊ, त्यामुळे पक्ष्याच्या अंड्यासारखी ठसठशीत रेघ येत नाही. फिकट गोळे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. आमच्या डॉक्टरबाईंनी चाळिसाच्या आसपास मोजली आणि मोजणं सोडून दिलं. सगळी साधारण एका आकाराची, कुठलंही वेडंवाकडं नाही, कटीचं हाड ठीक.

मी लगेच विचारलं, "ऑक्सिटोसिन?"

माझा हात त्या इंजेक्शनाकडे आधी जातो, ही सवय गावाकडची. आमच्याकडे म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून ते सर्रास टोचलेलं मी पाहिलंय, डॉक्टरला न विचारता. बाईंनी मान हलवली. सरड्यांमध्ये ते कासवांइतकं भरवशाचं नाही. अंगात कॅल्शियम कमी असेल तर स्नायू कळाच देत नाहीत, आणि एखादं अंडं अडकलेलं असताना कळा वाढवल्या तर अंडनलिका फाटते. मग म्हणाल्या, "ही अडलीय असं तुला कशावरून वाटतं? डोळे बघ तिचे."

डोळे टक्क उघडे. एक माझ्याकडे, एक दाराकडे. शॅमेलिऑननं दिवसाउजेडी डोळे मिटले की समजायचं, प्रकरण हाताबाहेर चाललंय. ही तर माझ्या बोटाला घट्ट धरून फिसकारत होती. हिला अंडी घालता येत नव्हती असं नाही, हिला जागा मिळाली नव्हती. रानात मादी झाडावरून उतरते, ओलसर जमिनीत बोगदा खणते, आत अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. फ्रँकची धाव जाळीपर्यंत, आणि पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक. चार दिवस ती जमीन शोधत होती आणि मालकाला वाटत होतं बद्धकोष्ठ झालंय.

ठरलं असं: तोंडातून पातळ कॅल्शियम, थोडं सलाईन कातडीखाली, आणि सोमवार सकाळपर्यंत वाट. मधे डोळे मिटले किंवा पकड सुटली तर पोट उघडायचं. मालक गोदामात रात्रपाळी करतो, घर तासाभरावर, बाहेर ही थंडी. म्हणून फ्रँक आमच्याकडेच राहिली. शनिवार-रविवार माझी पाळी होती.

शनिवारी सकाळी वाळू आणायला गेले. मुलांच्या खेळण्याची धुतलेली वाळू इथे हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पन्नास पौंडांची पिशवी. ती पिशवी उघड्यावर ठेवलेली होती, आतलं पाणी गोठून पाटा-वरवंट्यातला पाटा झाला होता. दवाखान्याच्या मोरीत कोमट पाणी ओतून फोडत बसले. पाच गॅलनच्या बादलीत वीतभर उथळ थर चालत नाही, निदान तीस सेंटिमीटर हवी. ओल किती, तर लाडू वळताना रव्याला लागते तेवढी. मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये. मग बोट आत खुपसून बाहेर काढायचं. भोक उभं राहिलं तर ठीक. माझं पहिलं भोक ढासळलं. वर कोमट आणि ओली, खाली अजून बर्फाचे खडे. सगळी उपसून पुन्हा कालवली. खणताना बोगदा अंगावर कोसळला तर मादी घाबरून सोडून देते, आणि कधी आत गुदमरतेही.

बादली पिंजऱ्यात ठेवली, उतरायला-चढायला तिरकी फांदी लावली, तिन्ही बाजूंनी निळी शस्त्रक्रियेची कापडं टाचली. समोर एक बोटभर फट.

दुपारी दोनला फ्रँक उतरली. वाळू हुंगल्यासारखी डोकं खाली नेऊन बसली, मग पुढच्या पायांनी ओढायला लागली. तिचे पाय चिमट्यासारखे, फांदी पकडायला बनलेले, दोन बोटं एकीकडे तीन दुसरीकडे. त्या चिमट्यांनी खणणं म्हणजे सांडशीनं खड्डा काढणं. तरी अर्ध्या तासात डोकं आत गेलं. आणि मला राहवलं नाही. कितपत खोल गेलीय बघावं म्हणून फटीतून मोबाइलचा दिवा मारला.

ती थांबली. उलटी सरकत बाहेर आली, एक डोळा फटीकडे वळवला आणि फांदीवर चढून बसली. संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाही.

असा राग मला स्वतःचा फार कमी वेळा आलाय. सांगलीजवळच्या एका वस्तीवर म्हैस व्यायला टेकली की घरची आजी आम्हा डॉक्टरांनाच गोठ्याबाहेर काढायची. "बघू नगा वं बाई, ती लाजती. अडली तर मी हाक मारते की." आम्ही बाहेर बाजेवर चहा पीत बसायचो. मी तेव्हा हसायचे. आणि इथे, एवढी पुस्तकं वाचून, सरड्याच्या तोंडावर बॅटरी.

रात्री आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"सरड्याचं बाळंतपण करायला गेलीस होय तिकडे?"

"आई, ऐक ना. तिला जागाच नव्हती गं."

थोडं थांबून ती म्हणाली, "दिवा कशाला मारलास पण?"

रविवारी फटही बंद केली. पिंजऱ्यावर मावेल तेवढं कापड टाकलं, वर दवाखान्याचा जुना फोन कॅमेऱ्यासारखा टांगला आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीत एका सशाचे दात घासणं चालू होतं. अकराला फ्रँक उतरली. तिनं कालचा खड्डा नाकारला, बादलीच्या दुसऱ्या कडेला नवा घेतला. मधे बराच वेळ नुसती बसली. तीनपर्यंत शेपटीचं टोक तेवढं बाहेर. मग तेही गेलं. पाचच्या सुमाराला बोगद्याच्या तोंडाशी तुरा दिसला: ती आत वळली होती, तोंड बाहेर, मागची बाजू तळाशी. आता घालणार. सातला दिवे आपोआप बंद झाले आणि पडदा काळा पडला. एरवी या वेळी ती फांदीवर झोपलेली असती. वाळूखाली काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरबाईंना संदेश पाठवला. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं: घरी जा.

सोमवारी सकाळी सातला दार उघडलं. वाळू सपाट. इतकी चोपून दाबलेली की कुठे खणलं होतं ते मला सापडेना. फ्रँक फांदीवर, कातडी सैल, बरगड्या मोजता येतील अशी, तुऱ्यावर वाळू, डोळे उघडे. वजन ८३ ग्रॅम. मी पानांवर थेंब-थेंब पाणी सोडलं; वाटीतलं पाणी हे प्राणी बहुधा ओळखत नाहीत. ती पंधरा मिनिटं पीत होती. मग एक रेशमाचा किडा, कॅल्शियमच्या भुकटीत लोळवलेला. जीभ सुटली, किडा गेला.

अंडी मी चमच्यानं उकरून काढली, तळाशी, एकावर एक रचलेली. त्रेचाळीस. पिवळट, काही आताच चेपलेली. पुन्हा एक्स-रे काढला. आत एकही नाही.

मालक रात्रपाळी संपवून थेट आला. "उबवायची का?" हा त्याचा पहिला प्रश्न. फळलेली नाहीत म्हटल्यावर चेहरा उतरला. फळलेली असती तरी सहा ते नऊ महिने उबवावी लागली असती. मग खाण्याचा हिशेब निघाला. तो रोज पंधरा-पंधरा रातकिडे घालत होता, शिवाय गलेलठ्ठ अळ्या, आणि डोक्यावर पंचाण्णव फॅरनहाइटचा दिवा. प्रेमच ते. पण मादीला जितकं खाणं आणि ऊब, तितकी अंडी जास्त. दिवसाआड पाच-सहा रातकिडे, दिवा ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास, आणि वाळूची बादली पिंजऱ्यात कायम, कारण चार-सहा महिन्यांत ही पुन्हा धरू शकते. त्यानं सगळं हाताच्या पंजावर पेनानं लिहून घेतलं. दुकानाबद्दल एक शिवी हासडली. केसपेपरवर लिंग बदललं, नाव बदलू दिलं नाही.

"आणि ती खणायला लागली की बघायचं नाही," मी सांगितलं. "अजिबात. मी बघितलं आणि एक दिवस वाया घालवला."

"एका खोलीचं घर आहे माझं," तो म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्याच्या फोनवर त्याचा संदेश आला, दुपारी दीड वाजता: "फ्रँक खणतेय. मी खाली गाडीत बसलोय. किती वेळ लागेल?"

मी कळवलं, डबा मागवून घ्या.