तुम्ही विचारलंत म्हणून: एक शेंग खायची, एक नाही

उन्हाळ्यात भारतातून कुणाचे आईबाबा आले की मी त्यांना कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सजवळच्या, ओळखीच्यांच्या कुरणावर घेऊन जाते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "ही दोन्ही झाडं एकाच घरची म्हणतेस, मग एकाची शेंग खायची आणि दुसरीला हात लावायचा नाही, असं का गं?"

घर एकच, हे खरं. ॲस्ट्रागॅलस ही आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातली प्रजाती, जवळजवळ ३,००० जातींची. फुलझाडांत एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही.

पहिली क्रॅसिकार्पस, इथली ग्राउंड प्लम. फांद्या जमिनीवर लोळतात आणि मे सरता सरता झाडाभोवती शेंगांचं रिंगणच मातीला टेकतं. उन्हाकडची बाजू तांबूस, सावलीतली हिरवी. हरभऱ्याचा घाटा बोराएवढा फुगला तर कसा दिसेल, तशी शेंग. पण घाटा पोकळ असतो, ही गच्च आणि रसाळ. कोवळी चावली की कच्च्या मटाराची चव. इथले मूळ रहिवासी लाकोटा लोक हिला 'प्ते ता वोते' म्हणतात, म्हणजे बायसनचं, इथल्या रानबैलाचं, खाणं.

दुसरी बायसल्केटस. ताठ उभी, तांबूस दांड्यांची, जांभळ्या फुलांचे दाट तुरे. शेंगा बारीक, खाली लोंबत्या, वरच्या अंगाला दोन खाचा. नाव त्यावरूनच पडलं. खाचा नंतर दाखवते, आधी वास घ्यायला सांगते. दुपारी तापलेल्या झुडपाला लसूण करपल्यासारखा उग्र वास येतो. तो सेलेनियमचा, मातीतल्या एका मूलद्रव्याचा.

उत्तर त्या वासातच आहे. इथली काही माती प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या, शेल नावाच्या खडकाची, तिच्यात सेलेनियम भरपूर. ते गंधकाच्या इतकं जवळचं की मुळं दोन्ही सारखीच ओढून घेतात. मग बहुतेक झाडांत ते गंधकाच्या जागी प्रथिनांत शिरतं आणि प्रथिनं बिघडतात. बायसल्केटसकडे मात्र एक विकर (एन्झाइम) आहे. ते सेलेनियमवाल्या अमिनो आम्लाला, म्हणजे प्रथिनांच्या विटेला, मिथाइल गट हा छोटा रासायनिक तुकडा चिकटवतं, की ते प्रथिनांत जातच नाही. म्हणून हे झाड सेलेनियम निर्धास्त साठवतं: वाळलेल्या पानांत किलोमागे १,००० मिलिग्रॅमच्याही वर. किडे आणि प्रेअरी डॉग (बिळात राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) दूर राहतात. क्रॅसिकार्पस असा साठा करत नाही.

मला या झाडाचं फार कौतुक आहे, पण जनावरांचे हाल विसरता येत नाहीत. १८५६ साली आजच्या साउथ डकोटातल्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्याचे डॉक्टर मॅडिसन यांनी लिहून ठेवलं की तिथल्या घोड्यांच्या आयाळी-शेपट्या झडतात, खूर सुटतात. दोष चाऱ्यातल्या सेलेनियमचा, हे कळायला १९३० चं दशक उजाडलं.

म्हणून शेंग तोंडात घालण्याआधी मी प्रत्येकाला फांदी उचलून बघायला लावते. लोळणारी आहे? शेंग गुबगुबीत, गुळगुळीत आहे? जरा जरी शंका आली तरी शेंग तिथेच राहू द्यायची.